थांबू नका, पुढे चला!

पुण्यात, ठाण्यात, नाशकात, जिथे म्हणून नवे टॉवर उठताहेत तिथे, रस्त्यावर बाकडं नकोच असं मानणाऱ्यांचा एक सुशिक्षित आणि कमालीचा आत्मविश्वासू पंथ तयार झाला आहे. त्याला झेंडा नाही, सोसायटीचं लेटरहेड आहे. ‘आमच्या गेटासमोरील बाकडे त्वरित हटविण्यात यावे, तेथे अनिष्ट प्रवृत्ती जमा होतात’ असा अर्ज वॉर्ड ऑफिसात जातो, खाली अध्यक्ष, सचिव, खजिनदार यांच्या सह्या. एक निखळलेला पेव्हर ब्लॉक बसवायला ज्या यंत्रणेला पावसाळा उलटावा लागतो, ती हे काम मात्र आठवड्याभरात करून मोकळी होते. प्रशासन, नगरसेवक आणि मतदार यांचं इतकं झटपट एकमत दुसऱ्या कुठल्याही नागरी कामात होत नसावं.

या पंथाचं म्हणणं आधी नीट मांडते, नंतर विपर्यासाचा आरोप नको. ते म्हणतात, रस्त्यांना मुळात जागा नाही, त्यात ही सामानाची भर कशाला? बाकडं ठेवलं की त्यावर टवाळखोर पोरं बसतात, दुपारी गर्दुल्ला झोपतो, शेजारी चहाची टपरी लागते, मग वडापावची गाडी, मग भांडणं. आपल्या लोकांना सार्वजनिक वस्तू वापरायची अक्कल नाही. लोखंड असेल तर भंगारात जातं, लाकूड असेल तर शेकोटीत, आणि काँक्रीट असेल तर त्यावर पिचकाऱ्या. पैसे करदात्यांचे, चैन कंत्राटदाराची. वर हुकमी एक्का असा की, हे सगळं आता जुनं झालं. उद्याचं शहर स्मार्ट असणार. बस कुठवर आली हे मोबाइल सांगेल, टॅक्सी दारात येईल, किराणा दहा मिनिटांत घरी. रस्त्यावर बसायची वेळच कुणावर येणार नाही.

ऐकायला हे फार व्यवहारी वाटतं. तपासायला घेतलं की एकेक पाय निखळतो.

जागेचंच आधी पाहू. एक मोटार उभी करायला साधारण अडीच मीटर रुंद आणि पाच मीटर लांब जागा धरतात, म्हणजे साडेबारा चौरस मीटर. तीन माणसांचं बाकडं चौरस मीटरभर जागेत बसतं. एका गाडीच्या जागेत दहा-बारा बाकडी, तीसेक माणसं. पुण्यात नोंदवलेल्या गाड्यांचा आकडा लोकसंख्येच्या पुढे गेल्याच्या बातम्या २०१८ साली आल्या. त्याच वर्षी पुणे महापालिकेच्या सभेने रस्त्यावरच्या पार्किंगला पैसे लावण्याचं धोरण मंजूर केलं. मंजूर होता होता त्याला इतक्या कात्र्या लागल्या की ते पाच रस्त्यांपुरतं उरलं, आणि पुढे तेही कागदावरच राहिलं. म्हणजे गाडीने रस्त्यावर फुकट, दिवसरात्र, बेमुदत बसावं यावर सर्वपक्षीय सहमती आहे. माणूस अर्धा तास टेकला तर मात्र रस्ता अरुंद होतो. तेव्हा जागा नाही हे वाक्य अर्धवट आहे. जागा कुणासाठी नाही, तेही सोबत सांगत चला.

फुटपाथवर अडथळा होतो, असंही सांगितलं जातं. सांगणाऱ्यांपैकी किती जण फुटपाथवरून चालतात हा वेगळा संशोधनाचा विषय. इंडियन रोड्स काँग्रेसच्या पादचाऱ्यांविषयीच्या मार्गदर्शक सूचना २०१२ सालापासून सांगताहेत की चालण्यासाठी किमान १.८ मीटरचा पट्टा मोकळा हवा, आणि बाकं, झाडं, दिव्यांचे खांब यांना रस्त्याच्या कडेने वेगळा पट्टा हवा. यात अवघड काय आहे? पुण्याच्या जंगली महाराज रस्त्यावर फुटपाथ रुंद केला, झाडं राखली, त्यांच्या सावलीत बसायला जागा केल्या. तिथे संध्याकाळी माणसं बसलेली असतात, शेजारून माणसं चालत असतात आणि कुणी कुणाच्या अंगावर पडत नाही. उरलेल्या शहराच्या फुटपाथवर मात्र काय काय उभं आहे ते मोजा. विजेचा डीपी, केबल कंपन्यांच्या गंजक्या पेट्या, सिग्नलचं कपाट, बंद पडलेल्या सीसीटीव्हीचा खांब, अर्धवट कापलेल्या झाडाचा बुंधा, साहेबांच्या वाढदिवसाच्या फ्लेक्सचे बांबू. हेही सगळं रस्त्यावरचं फर्निचरच आहे. यातल्या एकाच्याही विरुद्ध सोसायटीच्या लेटरहेडवर अर्ज गेल्याचं ऐकलंय? ज्यावर माणसाला बूड टेकता येतं, नेमक्या त्याच वस्तूने चालणाऱ्याचा रस्ता अडतो, हा मोठा चमत्कारिक योगायोग म्हणायचा.

चालणाऱ्यांची खरंच काळजी असती तर मुंबईत फुटपाथच्या तोंडाशी स्टीलचे बोलार्ड उभे करताना ती दिसली असती. मोटारसायकली वर चढू नयेत म्हणून ते लावले आणि व्हीलचेअरवरच्या माणसालाच बाहेर ठेवलं. शेवटी मुंबई उच्च न्यायालयाला त्याची स्वतःहून दखल घ्यावी लागली. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयात न्या. अभय ओक आणि न्या. उज्जल भुयान यांच्या पीठाने तर स्पष्टच सांगितलं की वापरण्याजोगा फुटपाथ हा राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ खालच्या हक्काचा भाग आहे. म्हणजे जगण्याच्या हक्काचा. आता साधा प्रश्न. सत्तरीचा माणूस दोनशे पावलांनंतर टेकल्याशिवाय पुढे जाऊ शकत नसेल, तर बाकडं नसलेला फुटपाथ त्याच्यासाठी कितव्या पावलाला संपतो? २०११च्या जनगणनेतच महाराष्ट्रातली जवळजवळ दहा टक्के माणसं साठीपुढची होती. ती त्यानंतर तरुण झालेली नाहीत.

आता अनिष्ट प्रवृत्ती. दुपारी दीड-दोनच्या सुमाराला कोणत्याही टॉवरच्या गेटाबाहेर जरा थांबून पाहा, तिथे कोण दिसतं. सकाळची तीन घरं उरकून चौथ्या घरच्या वेळेची वाट पाहणाऱ्या बायका, मांडीवर पिशवी घेऊन फुटपाथच्या कडेला टेकलेल्या. साहेब खाली येईपर्यंत ताटकळलेला ड्रायव्हर. दोन ऑर्डरींच्या मध्ये स्कूटरच्या सीटवरच डबा उघडलेला डिलिव्हरीवाला. औषधाच्या दुकानाकडे निघालेल्या आणि अर्ध्या वाटेत गुडघा धरून उभ्या राहिलेल्या आजी. आत सोसायटीच्या बागेत बाकं आहेत, काही ठिकाणी चांगली ग्रॅनाइटची आहेत, पण ती ‘फक्त रहिवाशांसाठी’. म्हणजे तुमच्या घरातली फरशी पुसणाऱ्या मावशींनी आत बसायचं नाही, कारण ती खाजगी जागा. आणि बाहेरही बसायचं नाही, कारण ती तुमच्या गेटासमोरची जागा. मग मधला दीड तास त्यांनी करायचं काय? टॉवरला प्रदक्षिणा घालायच्या?

राहिली पोरं. एका खोलीत पाच माणसं राहत असतील तर अठरा वर्षांच्या मुलाने मित्राशी बोलायचं कुठे? कॉफीच्या दुकानात दोनशे रुपये मोजून तीन तास लॅपटॉप उघडून बसणारा तरुण उद्योजक ठरतो, आणि दहा रुपयांचा चहा घेऊन बाकड्यावर बसणारा टवाळखोर. फरक एकशे नव्वद रुपयांचा आहे. कुणी मुलींची छेड काढत असेल तर तो गुन्हा आहे, त्याला कायदा आहे, पोलीस आहेत, तक्रार करा. बाकड्याला अटक करून काय साधतं? छेड काढणारा उभ्यानेही छेड काढतो. उलट ज्या रस्त्यावर आजी-आजोबा, मावशी, शाळेच्या बसची वाट पाहणाऱ्या आया बसलेल्या असतात, त्या रस्त्यावरून रात्री आठला एकटीने जाताना पाठीवर दडपण नसतं. हे मी एक बाई म्हणून सांगते. निर्मनुष्य, चकचकीत, बाकडंविरहित रस्त्याइतकी भीती मला कुठल्याच टोळक्याची वाटत नाही. शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांनी २०११ साली ‘व्हाय लॉयटर’ या पुस्तकात मुंबईच्या संदर्भात हाच विषय काढला होता. बाईला रस्त्यावर यायला नेहमी काहीतरी काम दाखवावं लागतं. भाजीची पिशवी, मुलाचं बोट, कानाला फोन. ती नुसती थांबली की संशय. बाकडं हे तिला काम न दाखवता थांबू देणाऱ्या फार थोड्या साधनांपैकी एक आहे, आणि तेच तिच्या संरक्षणाच्या नावाखाली उचललं जातं.

सगळ्यांत गंमत म्हणजे हीच मंडळी शिवाजी पार्कच्या कट्ट्याबद्दल बोलताना हळवी होतात. मैदानाला वळसा घालणारा, किलोमीटरभराहून लांब असा तो बसका कठडा. पाठ टेकायला काही नाही, छप्पर नाही, तिकीट नाही. तिथे पिढ्यान्‌पिढ्या रिकामटेकडी माणसं बसली. क्रिकेट, राजकारण, नाटक, लग्नं जुळवणं आणि मोडणं, सगळं तिथे झालं. त्याला आपण संस्कृती म्हणतो, त्यावर लेख लिहितो. रस्त्याच्या कडेला बसण्याची ही मराठी मुलखातली एक मोठी आणि यशस्वी सोय. मग दादरच्या कट्ट्यावर बसणारा रसिक आणि वाकडच्या, हडपसरच्या, कल्याणच्या बाकड्यावर बसणारा उपद्रवी, असं का? कट्ट्यावर ‘आपली’ माणसं बसतात म्हणून?

इथे हा वाद मुळाशी येतो. सार्वजनिक सोयीला आपल्याकडे विरोध कधीच नव्हता. विरोध असायचा तो ती सोय कोण वापरणार याला. नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजहून नळाने पाणी आणून पुण्याच्या पेठांत हौद भरले गेले. अठराव्या शतकातली ही रस्त्यावरची सोय कुणाही आधुनिक नगररचनाकाराला हेवा वाटावा अशी होती. पण त्या शहरात शंभर वर्षांनंतरही अस्पृश्यांना पाणी मिळत नव्हतं, आणि १८६८ साली जोतीराव फुल्यांना स्वतःच्या घरचा हौद त्यांच्यासाठी खुला करावा लागला. १९२३ साली सी. के. बोले यांनी मुंबईच्या विधिमंडळात ठराव मंजूर करून घेतला की सार्वजनिक निधीतली पाणवठ्याची ठिकाणं, विहिरी, धर्मशाळा सगळ्यांना खुल्या असाव्यात. महाडच्या नगरपालिकेने पुढच्या वर्षी तसा ठरावही केला. कागदावर तिथलं चवदार तळं खुलं झालं. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब आंबेडकर हजारो लोकांसह त्या तळ्याचं पाणी प्यायले तेव्हा काय झालं, हे शाळेतल्या मुलालाही ठाऊक आहे. त्यानंतर त्याच नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला, हे मात्र पाठ्यपुस्तकात सहसा ठळक अक्षरांत नसतं. चवदार तळं आणि गेटासमोरचं बाकडं एका तोलाचं नाही, हे मला कळतं. पण अर्जातली भाषा जरा जवळून वाचा. ‘सोय असायला आमची हरकत नाही, पण कसलेकसले लोक येतात.’ हे वाक्य आपल्या समाजाच्या तोंडात पूर्वी कधी होतं, हे ज्याला आठवत नाही त्याने नागरी शिस्तीवर व्याख्यान देऊ नये.

आता अकलेचा मुद्दा. लोक मोडतात, चोरतात, थुंकतात. हो, करतात. दुकानाच्या काचा फुटतात, देवळाच्या पेट्या फुटतात, एटीएम तर मुळासकट उचलून नेतात. यातलं काय आपण बंद केलं? मुंबईत गटारांची लोखंडी झाकणं चोरीला जातात, आणि उघड्या मॅनहोलमध्ये माणसाचा जीव कसा जातो हे २९ ऑगस्ट २०१७ च्या पावसाने दाखवलं. त्यावर ‘लोकांना झाकण वापरायची अक्कल नाही, गटारं उघडीच ठेवा’ असा अर्ज कुणी केला नाही. झाकणाखाली जाळ्या बसवा, अशी मागणी झाली. कारण झाकण गरजेचं आहे हे सगळ्यांना मान्य होतं. बाकडं मोडलं की मात्र लोकांची लायकी निघते. दुरुस्तीचं बजेट कुणाकडे होतं, हा प्रश्न निघत नाही.

अमेरिकेचं उदाहरण दिलं की या पंथाला जरा आदर वाटतो, म्हणून देते. न्यूयॉर्कचं ब्रायंट पार्क १९७०च्या दशकात अमली पदार्थांचा अड्डा होतं. तिथे बसणं अशक्य करावं, हा सोपा उपाय होता. विल्यम व्हाइट या अभ्यासकाने उलट सांगितलं. झाडोऱ्याच्या भिंती काढा, प्रवेश मोकळे करा, बसायला भरपूर जागा द्या. १९९२ साली पार्क पुन्हा उघडलं ते शेकडो सुट्या खुर्च्यांसह. साखळी नाही, जमिनीत रोवलेल्या नाहीत. न्यूयॉर्कचे लोक काही संत नव्हेत. तरी खुर्च्या राहिल्या आणि गर्दुल्ले गेले. कारण बसणाऱ्यांची गर्दी झाली आणि रोज त्या खुर्च्या आवरायला कुणीतरी पगारी नेमलं गेलं. आपल्याकडे बाकड्यासाठी उद्‌घाटनाचा नारळ असतो, रोज पुसायला माणूस नसतो.

आपली बाकडी कशी बसवली जातात तेही पाहण्यासारखं आहे. एक बाकडं भिंतीकडे तोंड करून. एक कचऱ्याच्या कंटेनरला खेटून. एक भर उन्हात, स्टीलचं, एप्रिलमध्ये त्यावर पोळी भाजून निघेल. एक वळणावर असं की बसणाऱ्याचे पाय रिक्षाखाली. जणू कुणी बसू नये याचीच काळजी घेतलेली. पण प्रत्येकाच्या पाठीवर, लांबून वाचता येईल अशा अक्षरांत, ‘मा. नगरसेवक अमुक यांच्या विकास निधीतून’ आणि प्रभाग क्रमांक. पाठ टेकली की नाव झाकलं जातं, कदाचित म्हणूनच ती जागा गैरसोयीची निवडत असतील.

पैशांचा गैरव्यवहार हा आक्षेप तेवढा खरा आहे, पण तो चुकीच्या पत्त्यावर पाठवला जातो. मुंबई महापालिकेने सुशोभीकरणाच्या नावाखाली बाकं, कुंड्या, कचरापेट्या वगैरे तेरा प्रकारच्या वस्तू घेण्याचं २६३ कोटी रुपयांचं कंत्राट काढलं. २०२३ साली त्यावर विरोधकांनी आरोप केले, सत्ताधारी पक्षाच्या आमदारानेही केले, आणि शेवटी ते रद्द झालं. यातून धडा काय घ्यायचा? एकाच कंत्राटात शहरभराचं सामान घाऊक घेऊ नका, कुठल्या रस्त्याला काय हवं ते आधी पाहा, दर तपासा. पण घेतला गेलेला धडा असा की ‘बघा, बाकडी म्हणजे भ्रष्टाचार’. रस्त्यांच्या डांबरात याहून कितीतरी मोठे घोटाळे झाले. त्यावरून कुणी बैलगाडीवर परतल्याचं ऐकिवात नाही.

जाहिरातीच्या पैशातून थांबे बांधण्याची युक्ती फ्रान्समध्ये ज्याँ-क्लोद दकोने १९६४ साली ल्योंमध्ये सुरू केली. शहराला थांबा फुकट, कंपनीला जाहिरातीची जागा. व्यवहार वाईट नाही, पण त्यात शहराने आपली अट घट्ट धरावी लागते. आपल्याकडे थांबा झाला जाहिरातीचा खांब. पाठीमागचा फलक रात्रभर उजळलेला, आणि बसायची जागा म्हणजे दोन नळ्या, उतरत्या, ज्यावर माणूस बसतही नाही आणि उभाही राहत नाही. छप्पर इतकं वर आणि इतकं अरुंद की सावली पडते ती मागच्या गटारावर. १३ मे २०२४ ला घाटकोपरला वादळात अजस्र होर्डिंग कोसळून सतरा माणसं गेली. रस्त्यावरच्या कुठल्या वस्तूने शहराचा जीव धोक्यात येतो याचा याहून स्पष्ट पुरावा काय हवा? तरी आपली चिंता बाकड्यावर झोपणाऱ्या गर्दुल्ल्याचीच.

आणि आता तो हुकमी एक्का, स्मार्ट भविष्य. स्मार्ट सिटी मिशन जून २०१५ मध्ये सुरू झालं आणि मार्च २०२५ मध्ये संपलं. पहिल्या वीस शहरांच्या यादीत पुणे दुसरं होतं. या दहा वर्षांत आपण चौकाचौकांत बोलके फलक पाहिले, वायफायच्या घोषणा ऐकल्या. बस कुठवर आली हे मोबाइलवर दिसणं ही सोय आहे, मी वापरते. पण तो मोबाइल काय सांगतो? ‘पंचवीस मिनिटं.’ ठीक. ही पंचवीस मिनिटं मे महिन्याच्या दुपारी कुठे काढायची, याचं ॲप कुणी काढलंय? उन्हाळ्यात विदर्भातल्या शहरांत सिग्नलवर हिरव्या जाळीचे मांडव घालतात. चांगली गोष्ट. दुचाकीवाल्याला दीड मिनिटाची सावली मिळते. तिथून पन्नास पावलांवर बसची वाट पाहणाऱ्या बाईला अर्ध्या तासाची मिळत नाही. तिच्या हातात हँडल नाही एवढाच तिचा दोष.

न्यूयॉर्कने २०१६ साली जुन्या फोन बूथच्या जागी फुकट वायफायचे, पडद्याचे चकचकीत खांब उभे केले. लोक त्यांच्याशेजारी ठाण मांडून बसू लागले, नको ते पाहू लागले, तक्रारी आल्या आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये पडद्यावरचं इंटरनेट बंद करावं लागलं. म्हणजे जगातल्या सगळ्यांत स्मार्ट खांबाभोवतीही माणसं अखेर बसायला जागा शोधत होती.

शिवाय रस्त्यावर थांबायची वेळच येणार नाही, हे कुणाच्या बाबतीत खरं आहे? ज्याच्या घरी दहा मिनिटांत कोथिंबीर येते, त्याच्या. ती आणणारा मुलगा दिवसाचे दहा-बारा तास रस्त्यावरच असतो, आणि पुढची ऑर्डर येईपर्यंत गोदामाबाहेर गाडीवर बसलेला असतो. त्याला सावली नाही, पाणी नाही, मुतारी नाही. ॲपने थांबणं संपवलं नाही, तुमचं थांबणं त्याच्या अंगावर टाकलं. शहर जितकं ॲपवर चालेल तितकी अशी माणसं वाढणार आहेत. उद्याच्या शहराला आजच्यापेक्षा जास्त बाकडी लागतील, हे सांगायला भविष्यवेत्ता लागत नाही. कुठल्याही मोठ्या किराणा गोदामाच्या दारात संध्याकाळी जाऊन मोजून या.

बाकड्याबरोबर पाणी आणि मुतारी येते, हेही बोलायला हवं, कारण ही तिन्ही एकाच कारणाने गायब होतात. मुंबईत एकोणिसाव्या शतकात व्यापाऱ्यांनी आई-वडिलांच्या, मुलांच्या स्मरणार्थ दगडी प्याऊ बांधले. फोर्टातला मुळजी जेठांचा कारंजा १८९४ सालचा. काही प्याऊंना खाली जनावरांसाठी वेगळी कुंडी असायची. बैलाला तहान लागते हे त्या शहराला कळत होतं. आज रस्त्यावर तहान लागली तर वीस रुपयांची बाटली घ्या, आणि बाटली प्यायल्यावर काय करायचं हा प्रश्न बाई असाल तर स्वतःशीच सोडवा. मुंबईतल्या बायकांना सार्वजनिक मुताऱ्यांसाठी २०११ पासून ‘राइट टू पी’ नावाची चळवळ चालवावी लागली. पुण्यात जुन्या बसचं रूपांतर करून बायकांसाठी स्वच्छतागृहं उभी राहिली. कल्पक काम. पण मोडीत निघालेली बस मिळेपर्यंत बायकांनी थांबायचं, ही काही नगररचना नव्हे.

तेव्हा फेरीवाल्यांची, गर्दुल्ल्यांची, पिचकाऱ्यांची यादी पुढे करून या पंथाने आता दमवू नये. फेरीवाल्यांसाठी २०१४ चा कायदा आहे, नगर पथविक्रेता समितीची तरतूद आहे, ती राबवा. व्यसनाधीन माणसाला उपचार लागतात. बाकडं काढलं तर तो फक्त पुढच्या गल्लीत जाऊन झोपतो. पिचकारी मारणाऱ्याला दंड करा. आणि बाकडं ठेवा. दर दोनशे मीटरला ठेवा, झाडाच्या सावलीत ठेवा, पाठ असलेलं, हात टेकवून उठता येईल असं, शेजारी व्हीलचेअर लागेल एवढी मोकळी फरशी ठेवून. बसथांब्यावर आधी सावली आणि सीट, ती तपासून झाल्यावर जाहिरातीच्या फलकाला वीजजोडणी. हजार बाकड्यांचं एक कंत्राट नको. प्रत्येक रस्त्याचा आराखडा हवा आणि पाच वर्षांच्या दुरुस्तीची रक्कम त्याच कंत्राटात बांधलेली हवी. सोसायटीचा हटवण्याचा अर्ज आला तर तो घ्यावा, आणि त्या गेटाबाहेर दुपारी बसणाऱ्यांचं म्हणणं नोंदवल्याशिवाय त्यावर निर्णय घेऊ नये. त्यांच्याकडे लेटरहेड नाही, म्हणून कारकुनाने बाहेर जाऊन विचारावं. पाच मिनिटांचं अंतर आहे.

आणि बाकड्याच्या पाठीवर नाव कोरायची हौस कुणाला आवरतच नसेल, तर ते मोडल्यावर दुरुस्त करायची जबाबदारी ज्याच्यावर आहे त्या कनिष्ठ अभियंत्याचं पद आणि कार्यालयाचा फोन नंबर कोरा.